माघी पाण्यावर उताणी

पुणे,
१८ ऑगस्ट २००२

तुळशी आत्या,

पाया पडते. पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

मी बरी आहे. इथल्या क्रीडा वसतिगृहात मला आता वर्ष झालं. रोज अंडी मिळतात, केळी मिळतात, दूध मिळतं. पोळीची सवय झाली, पण नाचणीच्या भाकरीची आठवण आली की अजून घास फिरतो. ते जाऊ दे.

आमच्या पोहण्याच्या उज्ज्वला मॅडमनी मला मिडलेसाठी निवडलंय. मिडले काय ते तुला सांगते. आपल्या बोहाड्यात एक माणूस एक मुखवटा घालतो, एक सोंग नाचतो आणि दमून बसतो. इथे एकाच पोरीनं चार सोंगं नाचायची, तीही एका दमात, मध्ये पाणी प्यायलासुद्धा थांबायचं नाही. पहिलं बटरफ्लाय. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे आणि कमरेतून माशासारखं उसळायचं. फार दमवतं गं! तिसरं ब्रेस्टस्ट्रोक. ते मला कोणी शिकवलंच नाही. दप्तर डोक्याला बांधून शाळेसाठी नदी ओलांडायचे तेव्हा बेडकासारखे पाय मारत जायचे, तेच ते. मॅडमनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "दप्तरानं." त्या खूप हसल्या. चौथं फ्रीस्टाइल, म्हणजे उरलेला सगळा जीव लावून सुटायचं.

दुसरं मी मुद्दाम मागे ठेवलं. दुसरं बॅकस्ट्रोक. आत्या, ते उताणं पोहायचं असतं.

लहान असताना एकदा मी डोहात गंमत म्हणून पाठीवर तरंगले होते. आईनं काठावरून ओढून काढलं आणि ओल्या अंगावर काठी तुटेपर्यंत मारलं. "जिता माणूस पान्यावर उताना निजत नाय. मेलेला निजतो." पाड्यातलं कुणीच निजत नाही म्हणा. पण आईनं बाबाला तसा पाहिलाय. पूर ओसरल्यावर दाभोशाच्या खालच्या डोहात तो तसाच सापडला ना. मी तेव्हा पाळण्यात होते. मला काही आठवत नाही, पण मी पाठ टेकली की आईचा आवाज ऐकू येतो आणि अंग लाकूड होतं. मग मी बुडते. दाभोशाच्या नदीत वाढलेली पोर, आत्या, आणि मी शहरातल्या तलावात बुडते!

मॅडमना मी सांगितलं, कान दुखतो. त्यांनी डॉक्टरकडे नेलं. आता रोज सकाळ-संध्याकाळ चांगल्या कानात औषध घालून घेते.

काय करू? बॅकस्ट्रोक नाही तर मिडले नाही. आणि मिडले नाही तर नुसत्या ब्रेस्टस्ट्रोकवर मला इथे पुढे ठेवणार नाहीत, असं मॅडम म्हणतात. मला परत यायचं नाही आत्या. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
माघी


मोखाडा, जि. ठाणे
३० ऑगस्ट २००२

माघे, गाढवे,

कान उघडा ठेवायचा तर त्यात औषध ओततेस आणि तोंड उघडायचं तर ते बंद ठेवतेस! आधी जाऊन त्या मॅडमना खरं काय ते सांग. बिचाऱ्या डॉक्टरला कशाला नादी लावलंस?

मी इथे पंचायत समितीत दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या टपालावर शिक्के मारते. तुझं पत्र आलं तेव्हा हातातला शिक्का टेबलावरच उमटला. तिथेच बसून दोनदा वाचलं. साहेबांनी विचारलं, "काय भोयेबाई, वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही हो, आमची पोर आता एकटीच चार सोंगं नाचणार आहे. त्यांना काही कळलं नाही.

आता नीट ऐक. तुझा बापूस माझा सख्खा भाऊ. सोम्यादादासारखा पोहणारा आपल्या नदीनं पाहिला नाही. पुरात दुसऱ्याचा बैल वाहून चालला म्हणून तो उतरला. बैल निघाला, तो राहिला. त्याला पुरानं नेलं माघी, उताणं निजण्यानं नाही नेलं. मेल्यावर माणूस कसा तरंगतो यात त्याचा काय दोष आणि पाण्याचा तरी काय? मी शिकलेली आहे म्हणून नाही बोलत, बहीण आहे म्हणून बोलते.

तू पाठ टेक. शंभरदा बुड आणि शंभरदा टेक. तुझ्यासारखी पोर आपल्या अख्ख्या मोखाडा-जव्हारात नाही, हे मला तू डोक्यावर दप्तर घेऊन नदीतून यायचीस तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा तोंडावर बोलले नाही, शेफारली असतीस.

तुझ्या आईचं माझ्यावर सोड. नवशी वहिनीला मी सांगेन, माझ्या पद्धतीनं, वेळ बघून.

तुझी आत्या,
तुळशी


पुणे,
२० ऑक्टोबर २००२

आत्या,

टेकली! पाठ टेकली!

तू म्हणालीस तसं मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, अडाणी म्हणतील. त्या उठून आत गेल्या. मग कपडे बदलून आल्या आणि पाण्यात उतरल्या. एरवी त्या काठावरूनच ओरडतात. त्यांनी माझ्या डोक्याखाली हात धरला आणि म्हणाल्या, "आज पोहायचं नाही, फक्त श्वास घ्यायचा." दुसऱ्या दिवशीही तेच. बाकीच्या मुली शेजारून सपासप जायच्या आणि मी एवढी मोठी घोडी लहान बाळासारखी मॅडमच्या हातावर. लाज वाटायची. एकदा तर रडू फुटलं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

उताणं झालं की कान पाण्यात जातात, मग बाहेरचा आवाज बंद होतो. आधी त्याचीच भीती वाटायची. एके दिवशी त्यात आईचा आवाज आला नाही. मी वाट बघत होते, तो आलाच नाही. मॅडमनी हात कधी काढला तेही कळलं नाही.

आता मी बॅकस्ट्रोकची लांबीच्या लांबी मारते. पुढचं दिसत नाही. भिंत जवळ आली की वर टांगलेल्या झेंड्यांची दोरी दिसते, तोवर नुसतं विश्वासावर जायचं. या प्रकारात मी अजूनही सगळ्यात हळू आहे. पण बुडत नाही.

आईला सांगितलंस का? काय म्हणाली?

माघी


मोखाडा,
१७ नोव्हेंबर २००२

माघी बाय,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसातच टाळी वाजवली. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला वाटलं मी बोलावलं. कौतुक वाटतं गं तुझं. भीती नसलेली माणसं पुष्कळ बघितली, पण भीती अंगात असताना पाण्यात उतरणारी तू. ती ताकद तुझ्या आईची आहे. दादा गेल्यावर तिनं एकटीनं ते डोंगरउतारावरचं वावर राखलं, तुला शाळेत घातलं.

तर तिला अजून सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी गेले होते. भात झोडायचं चाललंय, तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. मला म्हणाली, "माघी तिकडं काय करं?" मी म्हटलं, पोहते. म्हणाली, "हितं काय पानी नव्हतं?" आणि हसली. ती हसली आणि मला पुढचं बोलवेना. भात झोडून होऊ दे, खळं आवरू दे, मग सांगते.

शेजारच्या मावळीच्या हातची नाचणीची पापडी पाठवतेय. सगळ्या मुलींना दे, एकटी कोपऱ्यात बसून खाऊ नकोस.

तुळशी आत्या


पुणे,
२३ जानेवारी २००३

आत्या, आत्या, आत्या,

बसून वाच. हैदराबादला राष्ट्रीय कुमार स्पर्धा झाली आणि मिडलेत मी दुसरी आले. एप्रिलमध्ये कोलंबोला, म्हणजे श्रीलंकेत, आंतरराष्ट्रीय कुमार स्पर्धा आहे. बऱ्याच देशांच्या मुली येणार आहेत. आपल्याकडून मिडलेसाठी दोघी जाणार, त्यातली एक मी! विमानातून, आत्या!

इथल्या पेपरात माझा फोटोही आला. बॅकस्ट्रोक करतानाचा आहे. अगदी जवळून काढलाय, नुसतं तोंड आणि एक हात. मी चांगली दिसत नाही, पण मॅडमनी तो कापून फलकावर लावला.

सोबत एक कागद पाठवते. मी सज्ञान नाही म्हणून परदेशी जायला आईची संमती लागते. तिचा अंगठा घेऊन लवकर पाठव. त्याशिवाय पासपोर्ट पुढे सरकणार नाही. भात केव्हाच झोडून झालं असेल. तू आता सांगितलंच असशील ना?

माघी


मोखाडा,
१६ फेब्रुवारी २००३

माघी,

हे पत्र हातात आल्यावर आधी स्वतःला एक चिमटा काढ. तू जिवंत आहेस ना? बरं. कारण इथे आम्ही तुला मारून मोकळे झालो होतो.

परवा सकाळी पाड्यावरून माणूस आला आणि ऑफिसच्या दारातच म्हणाला, "तुळशे, चल. माघी पान्यात गेली." मी टेबलाचा ड्रॉवरही बंद केला नाही. जव्हारपर्यंत जीप, तिथून दुसरी जीप, आणि त्या दोन्ही जिपांमध्ये मी तुझ्यासाठी रडले. तुला काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. तुला पाठ टेक म्हणून मीच लिहिलं, मीच तुला मारलं, हेच डोक्यात.

पोचले तर अंगणात अख्खा पाडा जमलेला. बाया गळा काढून रडतायत. चूल विझवलेली. तुझी आई ओट्यावर बसलेली, डोळ्यांत पाणी नाही, आणि मांडीवर कागदाचा एक तुकडा. तो कागद मी हातात घेतला तर त्याला सुकटीचा वास.

घडलं ते असं. शेजारची सोमी जव्हारच्या बाजारातून सुकट घेऊन आली. ती पेपरात बांधलेली. पुडी सोडून सोमीनं कागद टाकला आणि वहिनीनं तो उचलला. त्यावर तू. पाण्यावर उताणी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात वर. आईला आपली पोर ओळखायला अक्षरं लागत नाहीत. आणि आपल्या पाड्यात पाण्यावरच्या उताण्या माणसाचा अर्थ एकच. बाळ्या आजानं पाहिला, सोमीनं पाहिला, कुणालाच शंका आली नाही. पेपरात मेलेल्याचा फोटो येतो एवढं सगळ्यांना ठाऊक. जितीचा कोण छापणार?

फोटोखालची ओळ अर्धी तेलकट होऊन गेली होती. उरलेली मी मोठ्यानं वाचली, "भोये हिने बॅकस्ट्रोकमध्ये चांगली झुंज दिली." सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी बाळ्या आजा म्हणाला, "म्हंजे मेली का नाय मेली?" मी ओरडले, "अहो, नाही मेली! पोहतेय! दुसरी आली देशात!" आणि मला हसूही येईना, रडूही येईना, दोन्ही एकदम आलं.

लोक हसले, सोमीनं तर मला मिठी मारली. तुझी आई नाही हसली. उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "तुला ठावं व्हतं?" मी मान हलवली. तिनं मला थोबाडीत मारली, सगळ्यांदेखत. म्हणाली, "माझी जिती पोर तू मेल्यावानी निजवलीस. एक निजलेला बघितला ना मी. आनखी किती दावशील?"

तुझा तो कागद माझ्या पिशवीतच राहिला, बाहेर काढायची हिंमत झाली नाही. आणि चूल तिनं अजून पेटवलेली नाही. म्हणते, पोर डोळ्यांनी बघीन तवा पेटवीन. सोमी तिला दोन वेळा भाकरी आणून देते.

आत्या


पुणे,
२३ फेब्रुवारी २००३

आत्या,

मला तुझा राग आलाय. भात झोडून होऊ दे म्हणालीस, खळं आवरू दे म्हणालीस. माझ्या आईला माझं मरण बघायला लागलं. पण रागावून मी जाणार कुठे? तुझ्याशिवाय लिहिणार तरी कुणाला?

शिबिर चालू आहे, मला येता येत नाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या तुझ्या आईलाच इथे घेऊन या, राहायची सोय मी करते. तर तिला घेऊन ये. एसटीत तिला त्रास होईल, खिडकीशी बसव.

खालचं तिला वाचून दाखव, आपल्या बोलीत सांग.

आई, मी जिती आहे. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तू पाहिलंस ते मी पाहिलेलं नाही. पण मी पाण्यावर उताणी असते तेव्हा मेल्यासारखी नसते. माझं काळीज एवढं उडत असतं की सगळ्या तलावाला ऐकू जावं. तू ये आणि बघ. बघून नाही म्हणालीस तर मी तुझ्याबरोबर घरी येईन. मनातून येणार नाही, पण येईन. न बघता नाही म्हणू नकोस.

माघी


मोखाडा,
१२ मार्च २००३

माघी,

आम्ही सुखरूप पोचलो. वहिनीनं घरी गेल्या गेल्या आधी चूल पेटवली आणि मला चहा दिला, म्हणजे मला माफी मिळाली असावी.

तुला एक विचारायचंय. त्या सकाळी मी वसतिगृहाच्या ऑफिसात कागदांच्या मागे होते. मला पक्की खात्री होती की अंगठा मिळणार नाही. कागद नुसतेच गोळा करत होते, हात रिकामे नकोत म्हणून. परत तलावावर आले तर तुझी आई मॅडमच्या शेजारी बसलेली आणि अंगठ्याला शाई! मॅडमकडे देऊन ठेवलेला संमतीचा कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, तर ती दुसरीकडे बघायला लागली. पुणे ते नाशिक एक शब्द नाही, नाशिक ते जव्हार एक शब्द नाही. मी दोनदा विचारलं तर म्हणाली, "तुळशे, खिडकी लाव, वारा येतो." तिथे झालं काय?

आत्या


पुणे,
२४ मार्च २००३

आत्या,

सांगते. मलाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

तू गेलीस आणि आई काठावर बसली. खुर्ची दिली ती नको म्हणाली. पाण्यात हात घातला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्या पान्यात मासा नाय." मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "हे जातं कुठं?" मी म्हटलं, कुठं जात नाही आई, इथेच असतं. न जाणारं पाणी तिनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडमनी खूण केली तशी मी उतरले. अगदी कडेच्या पट्ट्यातून, हळू. पाठ टेकली आणि हात मारायला लागले. कान पाण्यात, मला काही ऐकू येत नव्हतं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आई काठावरून माझ्याबरोबर चालतेय. लुगडं वर खोचून, वाकून, माझ्यावरची नजर न काढता. काठावर सगळं ओलं, मला वाटलं घसरून पडेल. रखवालदार पुढे आला तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं.

भिंतीला हात लागला. मी वर बघितलं तर म्हणाली, "परत." मी परत गेले, ती परत चालत आली. "परत." किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. शेवटी खाली बसली, माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी तुझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. पोटाकडं बघत व्हते. तुझ्या बापसाचं पोट हलत नव्हतं. मी त्याला लय येळ बघितला, म्हटलं आता हलंल, मग हलंल. तुझं हलतंय माघी. एक डाव बी थांबलं नाय."

मग उठून मॅडमकडे गेली आणि विचारलं, "अंगठा कुठं ठेवू?"

आत्या, इथे मला सगळे शूर म्हणतात. मी फक्त पाण्यात होते. ती काठावर चालत होती.

माघी


कोलंबो,
२८ एप्रिल २००३

आत्या, आणि आई,

हे पत्र दोघींना आहे. आत्या, तू वाचून दाखव, आणि मध्येच स्वतःचं काही घालू नकोस.

तिसरी आले. कांस्यपदक मिळालं. आता सगळं सांगते.

इथला तलाव उघड्यावर आहे. आमच्या पुण्यासारखं वर छप्पर नाही. फायनलला आठ जणी उभ्या राहिलो तर मी सगळ्यात बुटकी. शेजारच्या पट्ट्यात होती ती मुलगी एवढी उंच की तिचा हात माझ्या आधी अर्ध्या रस्त्यात पोचेल असं वाटलं. तिनं माझ्याकडे बघून स्मित केलं. मी पण केलं.

बटरफ्लायमध्ये मी मागे पडले. दरवेळी पडते. मॅडमनी सांगितलं होतं, घाबरू नकोस, तिथे दम राख. भिंतीला दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि पाठीवर सुटले.

आणि वर सगळं आभाळ! निळं, मोकळं, एक ढग नाही. पुण्यात वर पत्रे आणि दिवे असायचे. इथे काहीच नाही, नुसतं आभाळ आणि माझे हात त्यात जाऊन परत येणारे. मी शर्यतीत आहे हे एक क्षण विसरलेच. मग दोरीवरचे झेंडे दिसले आणि शुद्धीवर आले. बॅकस्ट्रोकमध्ये मी कुणाला मागे टाकलं नाही, पण मला तरी कुणी टाकलं नाही.

ब्रेस्टस्ट्रोक सुरू झाला आणि मग मात्र मी सोडलं नाही. एकेक डोकं मागे गेलं. शेवटच्या वळणावर मी दुसरी होते आत्या! फ्रीस्टाइलमध्ये त्या उंच मुलीनं मला गाठलंच, तिच्यासारखे हात देवानं मला दिले नाहीत. भिंतीला हात लावला तेव्हा दिसायचंच बंद झालं होतं. फलकावरचं नावही मॅडमनीच वाचून सांगितलं. माझ्या नावापुढे भारत लिहिलं होतं.

ती उंच मुलगी माझ्या पट्ट्यात आली आणि गळ्यात पडली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. दोघी रडलो.

पदक गळ्यात घातलं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अर्धं माझ्या आईचं आहे.

तुमची,
माघी


मोखाडा,
११ मे २००३

माघी बाय,

तुझ्या मॅडमनी ऑफिसात फोन केला होता, त्यामुळे बातमी पत्राच्या आधीच पोचली. साहेबांनी पेढे मागवले. "भोयेबाई, ही तीच का, चार सोंगंवाली?" म्हणजे माणसाच्या लक्षात होतं तर! मी सगळ्या टेबलांवर पेढे वाटले आणि ज्यांना मिडले म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांना थांबवून, बसवून सांगितलं. काहींना दोनदा सांगितलं. आपल्या पोरीचं कौतुक करायला मी लाजत नाही.

पत्र आलं तशी रविवारी दाभोशाला गेले. ओट्यावर सगळे जमले. मी वाचलं, मध्ये स्वतःचं काही घातलं नाही. शर्यतीला बाळ्या आजा उभा राहून ऐकत होता. तू दुसरीची तिसरी झालीस तेव्हा त्यानं त्या उंच पोरीला शिवी दिली. पुढे ती तुझ्या गळ्यात पडली ते ऐकून शिवी परत घेतली.

सगळे गेल्यावर तुझी आई म्हणाली, "ते आभाळाचं परत वाच." मी वाचलं. "आभाळ दिसं तिला? उताना निजलं तर आभाळ दिसं?" मी म्हटलं, दिसतच असणार वहिनी, दुसरं काय दिसणार? "परत वाच," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर धुणं घेऊन आम्ही बाया नदीवर गेलो. मी म्हटलं इथेच वरच्या धोंड्यावर बसू, तर ती चालतच राहिली. खालच्या डोहापर्यंत. दादा सापडला त्या डोहाला तिनं इतक्या वर्षांत पाय लावला नव्हता, तुला ठाऊक आहे. उन्हाळ्याचं पाणी, शांत, कमरेएवढं. धुण्याचं बोचकं काठावर ठेवलं आणि लुगड्यानिशी आत गेली. मी मागोमाग. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

डोहाच्या मध्यावर ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मागे रेलली. काठावर सोमी किंचाळली. बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या. नवशी वहिनी पाण्यावर उताणी, माघी, डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या. मी तिच्या पोटाकडे बघत होते. हलत होतं.

मग तिनं डोळे उघडले. आणि तशीच राहिली. किती वेळ राहिली कोण जाणे. मुठी हळूहळू सुटल्या.

उभी राहिली तेव्हा तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यात डोळ्यांचं किती ते मला सांगता येणार नाही. म्हणाली, "तुळशे, इतकी वरसं मी म्हनत व्हते, त्यो अंधारात गेला. पान्यात, गाळात, अंधारात. तसं नाय. त्याच्यापुढं आभाळ व्हतं. येवढं समदं आभाळ व्हतं."

तुला मी पानंच्या पानं शहाणपण लिहिलं. पाठ टेक म्हटलं, शंभरदा बुड म्हटलं. पण त्या पाण्यात मी स्वतः कधी पाठ टेकली नव्हती, लहानपणीसुद्धा नाही. दादा गेल्यावर तर नाहीच.

वहिनीनं माझा हात धरला. मग मीही पाठ टेकली.

तुझी आत्या,
तुळशी